काळ्या शिसवीची कड

दरबारचे मुख्य मिस्त्री रावजी मुलासाठी यमुनेला पाहायला आले. यमुना रंगानं सावळी, पण बाप शिवरामच्या हाताखाली सुतारकामात तरबेज झालेली. घोंगड्या ठेवायला तिनं केलेली पेटी ओसरीवरच होती. अंग पिवळसर सागाचं, कडा काळ्या शिसवीच्या.

रावजींनी आधी मुलीकडे पाहिलं, मग पेटीकडे. "एवढ्या गोऱ्या सागाला हे काळं कशाला? आमच्या घरात काळं शोभायचं नाही."

टोमणा कुणाला, ते सगळ्यांना कळलं. बापानं मान खाली घातली. यमुना मात्र शांतपणे म्हणाली, "काका, डोळ्यातलं पांढरं कितीही गोरं असलं, तरी बघतं ते काळं बुबुळच. ते काळं तर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांच्या घरात सांभाळलंयत."

रावजी खदखदून हसले. "शिवरामभाऊ, मुलगी आम्हाला पसंत आहे. आता आम्ही तिला पसंत आहोत का, तेवढं विचारा."