धाकू नाखव्यानं बुश बदलला

एका खाडीकाठच्या गावात एक भोळा नाखवा होता. नाव धाकू. सांगितलं ते ऐकायचा आणि ऐकलं ते करायचा. इतका ऐकणारा नवरा मिळाला म्हणून बायका चांगुणाचा हेवा करत.

धाकूची होडी जुनी, शिडाची. इंजिन मागाहून बसवलेलं. गेल्या वादळातून धाकू सुखरूप परतला, तेव्हा चांगुणानं दर्याला नवस बोलला होता. नारळी पौर्णिमेला आपल्याच होडीत बसून नारळ वाहीन, तोवर भाताला शिवणार नाही. आता पौर्णिमा आली तोंडावर आणि होडी करू लागली खडखड.

लाडकू मिस्त्रीनं होडी काठावर ओढून घेतली. पाण्यातल्या पंख्याचा दांडा ज्यात फिरतो, तो रबरी बुश पार झिजला होता. मिस्त्रीनं तो काढून धाकूच्या हातात ठेवला.

"दुकानात दाखव आणि अगदी असाच घेऊन ये."

धाकू दिवेलागणीला परतला. दमलेला, पण खूश.

"सगळे दुकानदार मेले कोरेच दाखवतात. असा झिजलेला एकाकडे नाही. शेवटी भंगारवाल्याकडे मिळाला. बघ, भेगसुद्धा त्याच जागी आहे."

चांगुणाचा त्या दिवशी उपास होता. उपासाला रागावू नये.

"अहो, जुनं संपलं की नवं आणायचं असतं."

"मग तसं सांगायचं," धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खरोखरच नवा बुश आणला. चांगुणाला बरं वाटलं. म्हणाली, "मिस्त्रीभावजींना जेवायला बोलावू. घरातले जुने तांदूळ संपलेत, तेवढे आणा."

जुनं संपलं होतं. धाकूनं नवं आणलं. भाताचा झाला गोळा.

मिस्त्री घास चिवडत म्हणाला, "वहिनी, हा भात होडीच्या फटी बुजवायला छान आहे."

चांगुणा लाजून अर्धी झाली. मिस्त्री गेल्यावर म्हणाली, "अहो, तांदूळ जुनाच मोकळा होतो. आणि नवा असला, तर तूप तरी सोडावं. म्हणजे चिकटत नाही."

"हे आधी सांगायचं."

सकाळी मिस्त्री बुश बसवायला आला, तर बुशाला घमघमाट. चांगुणानं निरांजनासाठी कढवून ठेवलेलं सगळं तूप त्याला चोपडलेलं.

"चिकटू नये म्हणून," धाकू म्हणाला. "साजूक आहे."

"नाखवा, तेलतूप लागलं की रबर फुगतं. ह्याला पाणीच लागतं, पाणी हेच ह्याचं तेल. कोरडा फिरला तर जळलाच समज."

मिस्त्रीनं बुश साबणानं धुतला, बसवला. दांडा होडीत शिरतो तिथं ग्रीसची दोरी ठासून आवळली, म्हणजे दर्या आत येणार नाही. संध्याकाळच्या भरतीला होडी तरंगली. चांगुणानं देवापुढं साखर ठेवली.

पौर्णिमेला पहाटे धाकू पताका लावायला होडीवर गेला. सहज आत वाकून पाहिलं. दांडा कोरडा. इंजिन कोरडं. सगळं ठणठणीत कोरडं. बरं झालं आपण पाहिलं, नाहीतर बायकोचा नवस जळला असता. त्यानं ती दोरी ओढून काढली.

चांगुणा नऊवारी नेसून, हळदीकुंकू लावलेला नारळ घेऊन बायकांबरोबर काठावर आली. मिस्त्रीही होता. होडी दिसेना. पाण्यातून नुसती डोलकाठी वर आली होती आणि तिच्यावर पताका फडफडत होत्या. डोलकाठीला धरून धाकू बसला होता. कमरेपर्यंत पाण्यात, तोंडभर हसत.

"मिस्त्री, आता घोर नाही," तो ओरडला. "बुश, दांडा, इंजिन, कोणी म्हणता कोणी कोरडं नाही."

मिस्त्री मटकन खाली बसला. बायकांनी पदर तोंडाला लावले.

चांगुणा मात्र पदर खोचून पाण्यात उतरली. होडीत पोचली आणि नवऱ्याशेजारी फळीवर बसली. नवस तो नवस. आपलीच होडी होती आणि ती तिच्यातच बसली होती. नारळ वाहायला हात लांब करावा लागला नाही, नुसता सोडला.

मग हात जोडून ती म्हणाली, "देवा, नारळ मी बोलले होते. होडी ह्यांनी आपल्या मनानं वाहिली. तेवढी ओहोटीला परत दे."