लोडर, ग्राइंडर आणि चिंचेची मुळे

एकदा एका वळवाच्या वादळाने डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या कृषिपाठशाळेची रया घालवली. पाठशाळेकडे येणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी चिंचेची जुनी, ऐसपैस झाडे होती. त्यांच्या सावलीत आसपासच्या वाड्यांचा आठवडी बाजार भरे. वादळात त्यांतली काही बुंध्यापाशी मोडली, काही तगली. पडलेली लाकडे लोकांनी वाहून नेली, पण जमिनीत रुतलेले बुडखे तसेच राहिले. गाड्यांची चाके त्यांना अडू लागली. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला आलेली एक वृद्धा ठेचकाळून पडली आणि तिचा पाय मोडला. तेव्हा मात्र पाठशाळेच्या आचार्यांनी हे काम मनावर घेतले.

आचार्य फार वृद्ध होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी आपला शिष्य पद्माकर याला बोलावले. पद्माकर यंत्रशास्त्र शिकलेला. शहरातल्या कारखान्यात काही वर्षे काढून, तिशी उलटल्यावर तो शेतीविद्या शिकायला तात्यांकडे आला होता.

"बुडखे काढायला यंत्र घ्यावं लागेल. ते तू निवड," तात्या म्हणाले. "पावसाआधी मोकळ्या जागी नवी रोपं लागली पाहिजेत."

पद्माकर तालुक्याला यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी सचोटीचा होता. त्याने दोन यंत्रे दाखवली.

"हा मिनी लोडर. अंगानं लहान, पण कामाला वाघ. माती उपसतो, खत वाहतो, दगड उचलतो. बुडखा म्हणाल तर भोवतीनं उकरून मुळासकट बाहेर काढतो."

"आणि हे दुसरं?"

"हा स्टंप ग्राइंडर. याचं दातेरी चाक फिरतं आणि बुडखा वरून किसत किसत जमिनीच्या खालपर्यंत नेतं. भुसा होतो नुसता. पण साहेब, याला हे एवढंच काम येतं."

पद्माकरला विचार करावा लागलाच नाही. दहा कामांचे यंत्र समोर असताना एका कामाचे कोण घेईल? परतल्यावर त्याने आपला निर्णय उत्साहाने सांगितला. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "निवड चांगली वाटते. तरी व्यापाऱ्याला म्हणावं, दोन्ही घेऊन ये. डोळ्यांनी बघू."

ठरल्याप्रमाणे यंत्रे आली. पाठशाळेमागच्या माळावर एका बाभळीचा बुडखा एकटाच उभा होता. लोडरने भोवतीची माती उकरली, पुढच्या सुपाचे दात खाली घातले आणि एका हिसक्यात तो मुळ्यांसकट उचलून बाजूला ठेवला. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या तर लहान मुलासारखे हरखले. त्यांनी लोडरच्या पत्र्यावर थाप मारली. "वा! काय ताकद आहे! ज्यानं हे घडवलं त्याच्या बुद्धीला नमस्कार."

पद्माकरचा चेहरा उजळला. "मग तात्या, हाच घ्यायचा ना?"

"आता रस्त्यावर नेऊ," तात्या म्हणाले.

रस्त्यावर एका मोठ्या बुडख्यापाशी लोडर उभा राहिला. तात्या चालकाच्या कानाशी लागून काही बोलले. मग सगळ्यांचे डोळे यंत्राकडे लागलेले असताना ते यंत्राकडे पाठ करून चालू लागले, आणि पलीकडच्या जिवंत चिंचेपाशी जाऊन थांबले.

"पद्माकर, इकडे ये. दोन्ही तळहात खोडाला लाव. तिकडं बघू नकोस."

पद्माकर बुचकळ्यात पडला. काम तिकडे चालायचे, आणि हे झाडाला हात लावायला सांगतात! पण गुरूंचा शब्द मोडण्याची त्याची रीत नव्हती. त्याने खोडावर हात टेकले. मागे लोडर गुरगुरला. खोड थंड, खरबरीत, निश्चल होते. क्षणभर काहीच झाले नाही.

मग आतून थरथर आली. माशी बसल्यावर गाय कातडी थरकवते, तशी. पाठोपाठ एक खोल हिसका बसला. वरून बारीक पाने भुरभुरली, आणि त्याच्या पायाजवळची माती उलून एक भेग सरसरत गेली.

"थांबवा!" पद्माकर जिवाच्या आकांताने ओरडला. "अहो, थांबवा ते!"

लोडर तत्क्षणी थांबला. 'हलका ताण दे आणि आमच्याकडे लक्ष ठेव,' एवढेच तात्यांनी चालकाला सांगितले होते.

पद्माकरचे हात अजून खोडावरच होते. "तात्या, हे झाड पडलं असतं."

"आज नसतं पडलं. पुढच्या वादळात पडलं असतं, आणि आपण वादळाला बोल लावला असता." तात्या चिंचेच्या मुळाशी टेकले. "ही झाडं शंभर वर्षं शेजारी राहिली. वर फांद्यांत फांद्या, तशी खाली मुळ्यांत मुळ्या. मेलेल्याचं मूळ कुठं संपतं आणि जित्याचं कुठं सुरू होतं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? म्हणून तर झाडाला विचारलं. लोडरचा यात काही दोष नाही. माळावर त्याच्यासारखा गडी नाही. दहा कामं जाणणारा गडी घरात असावाच. पण जिथं झालेली चूक परत घेता येत नाही, तिथं एकच काम नेमकं जाणणाऱ्याला बोलवावं. काय काढायचं, हे तू चोख पाहिलंस. काय राखायचं, तेही पाहा. यंत्र आपोआप ठरेल."

 पद्माकरने वाकून ती भेग ओंजळीने बुजवली आणि माती हलक्या हाताने दाबली.

यंत्रांबरोबर व्यापारीही आला होता. तो पुढे झाला. "तात्या, गिऱ्हाईक यंत्राभोवती फिरून यंत्र बघतं. झाडाला हात लावून यंत्र बघणारं गिऱ्हाईक आजच पाहिलं." आणि त्याने स्वतःच ग्राइंडर गाडीवरून खाली उतरवायला घेतला.

ग्राइंडरचे काम दिसायला मोठे नव्हते. चाक डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे सरके. तांबूस भुसा उडे. बुडखा बोटाबोटाने खाली जाई. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पण संध्याकाळी रस्ता सपाट झाला होता आणि तगलेल्या चिंचांचे एक पानही हलले नव्हते. पावसाआधी, जुन्या जागेपासून जरा हटून, नवी रोपे लागली. पहिल्याच बाजाराला ती वृद्धा काठी टेकत आली आणि भाजीची पाटी घेऊन सावलीत निवांत बसली.

पुढे शेजारच्या गावचे सरपंच पद्माकरकडे आले. त्यांच्याकडेही वादळाने झाडे पाडली होती. "तुम्ही शिकलेले. लोडर घ्यावा की ग्राइंडर, एका शब्दात सांगा."

पूर्वीच्या पद्माकरने उभ्याउभ्या उत्तर दिले असते. आता मात्र त्याने पायांत चपला सरकवल्या आणि तो म्हणाला, "चला सरपंच, आधी तुमची उभी झाडं दाखवा."