अन्नछत्राच्या बारा चुली

ऐका मुलांनो, आणि थोरांनीही ऐका. फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात डोंगरावर देवीचं देऊळ होतं आणि पायथ्याशी राजाचं अन्नछत्र. तिथली मुख्य स्वयंपाकीण आवडाक्का. तिचा एक नेम होता. ऊन डोक्यावर यायच्या आत प्रत्येक यात्रेकरूचं पान वाढायचं, आणि भातावर तुपाची धार सोडल्याशिवाय पान पुरं म्हणायचं नाही.

तिथल्या आमटीचं नाव दूरवर होतं. तिचा मसाला रानातली एक आजी द्यायची. आजीची अट सरळ होती: मसाला लागेल तेवढा न्या, पण मुदपाकखान्यात जितक्या चुली, तितके तांबे तूप दर पौर्णिमेला मला पोचवा. पौर्णिमेला येऊन ती चुली मोजायची, पण चुलीवर काय शिजतं, ते विचारायची नाही.

तेव्हा चुली चारच होत्या. पुढे गर्दी वाढली, लोक उन्हात ताटकळू लागले. कारभाऱ्यांनी हौसेनं आणखी आठ चुली घातल्या. पंगती भराभर उठू लागल्या खऱ्या, पण पौर्णिमेला बारा तांबे तूप रानात गेलं आणि इकडे तुपाची वाटी कोरडी. एक म्हातारे यात्रेकरू हात आवरून तुपाची वाट बघत बसले. शेवटी कोरडाच भात कालवून, अन्नदात्याचं भलं चिंतून उठले. त्या दिवशी आवडाक्काला घास गेला नाही.

चुली मोडाव्या तर लोक उन्हात, ठेवाव्या तर भात कोरडा. कारभाऱ्यांनी तोड सुचवली, पौर्णिमेपुरत्या आठ चुली भाजीच्या टोपल्यांखाली झाकाव्या. आजीला तसंही कमी दिसतं.

"आजीला कमी दिसतं, कारभारी. डोंगरावर बसलीय तिला नाही," आवडाक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पळी खाली ठेवून पाटावर बसली आणि चुली नुसत्या बघत राहिली. चारांवर आमटी. चारांवर भात. दोनांवर पाणी, एकीवर लेकरांचं दूध. आणि बारावीवर कारभाऱ्यांचा काढा! आवडाक्काला हसू आवरेना.

ओटीचं सामान घेऊन ती रानात गेली. "आजी, भाताला, पाण्याला, दुधाला तुमचा मसाला लागत नाही. त्या चुली मी अंगणात भिंतीपलीकडे नेल्या, तर त्यांचं तूप द्यावं लागेल का?"

"माझा मसाला जिथं शिजत नाही, तिथलं तूप मला पचेल का गं? पण एक चिमूट जरी भिंतीपलीकडे गेली, तर बाराच्या बारा मोजीन हो."

"न सांगता या आणि बघा," आवडाक्का म्हणाली.

आत चार चुली राहिल्या, बाहेर सात. काढ्याची तेवढी मोडली. कारभारी दोन दिवस फुगून होते.

आजी खरंच न सांगता आली. भिंतीपलीकडे डोकावली, भाताचं शीत हुंगून पाहिलं आणि पंगतीत जाऊन बसली. ऊन अजून डोक्यावर आलं नव्हतं. शेजारच्या पानावर तेच म्हातारे यात्रेकरू होते. आवडाक्कानं दोघांच्या भातावर धार सोडली. आजीनं भाताचं आळं केलं आणि म्हणाली, "अजून थोडं सोड. चारच तांबे येतात आता, घरी जपून खाते मी."

देवीनं आवडाक्काचा नेम राखला, तसा तुमचाही राखो.

बोध: चुली वाढवण्याआधी कुठल्या चुलीवर काय शिजतं ते बघावं, मग पानही वेळेवर पडतं आणि तूपही पुरतं.