मधल्या धारेचे पाणी

एका रुंद नदीच्या काठी, जिथे अजून पूल बांधला गेला नव्हता, केरबा नावाचा एक वृद्ध नावाडी राहत असे. चाळीस वर्षे तो लोकांना पैलतीरी नेत होता. नाव केव्हा सोडायची आणि केव्हा बांधून ठेवायची, हे तो ज्या शांतपणे ठरवी त्याचे साऱ्या पंचक्रोशीला नवल वाटे. लोक म्हणत, ही जाण केरबा आईच्या पोटातूनच घेऊन आला आहे.

त्याचा शिष्य हैबती पंचविशीचा होता. तीन वर्षे त्याने वल्ही मारली होती. अंगात बळ होते, कष्टांना तो मागे हटत नसे. परंतु निर्णयाची वेळ आली की तो केरबाकडे पाही. त्या वर्षी भाद्रपद लागला तेव्हा केरबा त्याला म्हणाला, “उद्यापासून नाव सोडायची की नाही, ते तू ठरवायचं. मी सुकाणू धरीन.”

हैबतीला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. त्यातच आठवड्यापूर्वी खालच्या अंगाच्या एका घाटावर नाव उलटून तीन माणसे गेली होती. त्यांतला एक त्याच्या ओळखीचा होता. डोळे मिटले की त्याला तोच दिसे.

तिसऱ्या दिवशी सकाळीच सगुणा नावाची एक बाई घाटावर आली. तिचे माहेर पलीकडे, नदीपासून दोन कोसांवर. वडिलांनी अन्न सोडल्याचा निरोप आला होता. तिच्या हातात एक लहानशी पिशवी होती आणि ती सारखी या हातातून त्या हातात घेत होती.

हैबती पाण्यापाशी गेला. काठाचे पाणी तांबूस गढूळ झाले होते, त्यावर काटक्या आणि फेस वाहत होता. त्याच्या मनात आले, वर कुठेतरी पाऊस कोसळला असणार, लोंढा येणार.

मागून केरबाने विचारले, “मधली धार कशी आहे रे?”

“गढूळ आहे, तात्या.”

“नीट पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मग तुझं काय म्हणणं?”

“आज नको.”

केरबाने नाव खुंट्याला बांधली. सगुणा त्याच्याजवळ आली. “तात्या, तुम्ही तरी सांगा यांना. माझे वडील वाट बघतायत.”

“पोरी, तो नको म्हणतोय,” केरबा म्हणाला. “धार गढूळ असेल, तर मीही नकोच म्हणेन.”

सगुणा घाटाच्या पायरीवर बसली. ती रडली नाही, भांडली नाही. ती नुसती पाण्याकडे पाहत राहिली. हैबती तिच्याकडे पाठ करून दोर आवळत बसला. आवळलेला दोर सोडून त्याने पुन्हा आवळला. घटका गेल्या. लोंढा येईल, येईल म्हणून तो कान देऊन होता. आता तर लोंढा यावा असेच त्याला वाटू लागले होते, म्हणजे आपले बोलणे खरे ठरेल. हा विचार मनात आला आणि त्याचा त्यालाच धक्का बसला.

दुपार कलल्यावर एक कोळी आपली लहान होडी घेऊन वरच्या अंगाने आला. हैबतीने त्याला वरच्या पावसाचे विचारले. “पाऊस कुठला?” तो म्हणाला. “वळणावरची दरड ढासळलीय पाण्यात. सकाळपासून या काठानं तेवढी माती वाहतेय.”

हैबतीने पाण्याकडे पाहिले. काठाचे पाणीही एव्हाना निवळू लागले होते.

केरबाने लगेच नाव सोडायला सांगितले. नाव पैलतीरी लागली. सगुणा उतरली आणि झपझप चालू लागली. हैबती नाव वळवणार, तोच केरबा म्हणाला, “वल्हं ठेव. तिच्याबरोबर जा.”

“कुठं?”

“तिच्या घरापर्यंत.”

“तात्या, मी तिथं जाऊन काय करू? त्यांना तोंड तरी कसं दाखवू?”

“काही करू नकोस. बघून ये. मी इथंच थांबतो.”

हैबतीला ती शिक्षा वाटली. आधीच मेल्यासारख्या झालेल्या माणसाला लोकांपुढे उभे करण्यात तात्यांना काय मिळणार होते? परंतु त्यांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. दोन कोसांची ती वाट तो सगुणेच्या मागून वीस पावलांचे अंतर ठेवून चालला. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

घराच्या दारातच तिची भावजय भेटली. “आलीस का गं? जेवणवेळेपर्यंत तुझंच नाव घेत होते. मग जीभ जड झाली. आता बोलत नाहीत.”

सगुणा आत धावली. हैबती उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तिथून त्याला म्हाताऱ्याचा हात दिसत होता आणि त्या हातावर ठेवलेले सगुणेचे कपाळ. म्हातारा तिच्या केसांवरून बोटे फिरवत होता. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द उमटत नव्हता. पुन्हा हलत, पुन्हा नाही. हैबतीला वाटले, तिथून पळून जावे. पण तात्यांनी बघून यायला सांगितले होते.

बऱ्याच वेळाने सगुणा बाहेर आली. तिने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

“दादा, तुम्ही बुडायला भ्यालात, ते मला कळतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही काठच पाहिलात. मी पायरीवरून बघत होते. मधलं पाणी सकाळपासून स्वच्छ होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही नावाडी. मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.” तांब्या परत घेत ती म्हणाली, “आणि तुम्ही मला विचारलं कुठं?”

हैबती परतला तेव्हा उन्हे उतरली होती. केरबा नावेच्या काठावर बसून होता. हैबती त्याच्यासमोर वाळूत बसला आणि घडले ते सारे त्याने सांगितले. शेवटी म्हणाला, “तात्या, मी खोटं बोललो. धारेकडे मी पाहिलंच नव्हतं. भीती वाटली आणि तोंडातून निघून गेलं. तुम्हाला समोर दिसत असताना तुम्ही मला अडवलं का नाहीत?”

“मला दिसत नव्हतं,” केरबा म्हणाला.

“म्हणजे?” हैबतीने विचारले.

“दोन वर्षं झाली. दहा हातांपलीकडे मला सगळं धुकं दिसतं. लोकांना सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही, ही माझी चूक. आज त्या पोरीला ती महागात पडली. उद्या घाटावर सगळ्यांना सांगणार आहे.”

“पण मग दोन वर्षं नाव...”

“विचारून. धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायचं, आज खडक किती उघडे आहेत. कोळ्यांना विचारायचं, वरच्या अंगाला काय. तुला विचारायचं. हाताला सुकाणूची ओढ कळते, ती वेगळी.”

हैबती खाली मान घालून म्हणाला, “तुमची गोष्ट वेगळी आहे. ही जाण उपजतच लागते. माझ्यात नाही. तुम्ही दुसरा कोणी बघा.”

केरबा नावेवरून उतरून त्याच्याजवळ वाळूत बसला. मग बोलला, “तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी नाव पाण्यात घातली होती नको त्या वेळी. एक माणूस गेला. मी बहिणीच्या गावी तोंड लपवून बसलो. दोन महिन्यांनी कसाबसा त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, की तो सकाळीच म्हणाला होता, आज पाण्याचा वास वेगळा येतोय. मी त्याला विचारलं असतं तर नाव सोडलीच नसती. तेव्हापासून मी ठरवलेलं ज्याच्या अंगावर पडलं, त्याच्या दारापर्यंत जाऊन येतो. बरं झालं तरी जातो, वाईट झालं तरी जातो. मला जे काही कळतं, ते त्या दारांमध्ये कळलेलं आहे. उपजत म्हणतोस, तर जन्माबरोबर मिळालेली तीक्ष्ण नजर होती माझ्याकडे. ती गेली. मग आता माझ्याजवळ उरलं ते कुठून आलं असेल, तूच सांग.”

हैबतीने उठून वल्हे हातात घेतले. केरबाने सुकाणू धरले.

पाचव्या दिवशी सगुणा परत निघाली. वडील गेले होते. शेवटपर्यंत ते बोलले नव्हते. हैबतीने तिला अलीकडे आणले. क्षमा मागावी असे त्याच्या मनात होते, पण तो नुसता वल्ही मारत राहिला. उतरताना तिने त्याचा हात आधाराला धरला, एवढेच.

नंतरच्या दिवसांत लोक त्याला घाटावर या माणसापाशी, त्या बाईपाशी काहीतरी विचारत थांबलेला पाहत. पाण्याकडे तो कितीतरी वेळ पाही. तरी दोर सोडण्याआधी तो गाठ पुन्हा पुन्हा चाचपून पाही. एका सकाळी पंधरा माणसे नावेत बसलेली असताना त्याने हलक्या आवाजात केरबाला विचारले, “तात्या, ही भीती कधी जाते?”

“गेली की त्याच दिवशी मला सांग,” केरबा म्हणाला. “तुझ्या हातून दोर काढून घेईन.”

हैबतीने मान हलवली, मधल्या धारेकडे पुन्हा एकदा पाहिले आणि नाव सोडली.

आपण ठरवतो आणि आपल्या कामाला लागतो; आपले ते ठरवणे मात्र चालत चालत कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहते. तिथवर त्याच्यामागून जाणाऱ्याला समज हळूहळू येत जाते.