भिवराबाईनं भरलेलं घंगाळ

सीना नदी धावडगावाला जिथं वळसा घालते, तिथं काठावर मारुतीचं दगडी देऊळ आहे आणि देवळामागं एक जुनं उंबराचं झाड. त्या उंबराखाली चिंतोबा महाराजांनी एक हिवाळा काढला. अंगावर एक कांबळं, जवळ पाण्याचा तुंबा, बस्स. धुनी नाही, चूल नाही. कोणी भाकरी आणून दिली तर खात, नाही दिली तर नामस्मरणात दिवस काढत. महाराज कोणाला ये म्हणत नसत, कोणाला जा म्हणत नसत. ज्याला दुखे तो आपण होऊन जाई. आपलं काहीच दुखत नाही असं ज्याला वाटे, तो लांबूनच हात जोडी.

भिवराबाई पाटलीण तेवढेही जोडत नव्हती.

बाई मोठ्या घरची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, तरी घर, शेत, गडीमाणसं तिच्या एका हाकेवर हलत. जीभ अशी की तिच्यापुढं विळा बरा! "अंगाला राख फासली की झाला साधू," ती म्हणे, "आमच्या गोठ्यातली म्हैसपण राखेत लोळते." आता ज्यांनी जन्मात राख लावली नाही त्यांना ती असं म्हणे, यावरूनच ओळखा.

देवधर्माला मात्र कडक. मार्गशीर्षात मारुतीच्या देवळात सात दिवस पोथीचं पारायण बसे, ते तिच्या घराण्याचं. त्याचा एक नेम होता. अध्याय सुरू झाला की तो सुटेपर्यंत ऐकणाऱ्यानं आसन सोडायचं नाही. एकानं सोडलं तर सगळ्यांचं पारायण मोडलं.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी, अध्याय अर्ध्यावर असताना भिवराबाईची सून हौसा उठली. दुसरीकडं कुठं गेली नाही, खांबाला टेकून उभी राहिली. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठांवर नाव. पण उभी!

आरती होताच भिवराबाईनं सगळ्या बायांदेखत तिला गाठलं.

"काय गं राणीसरकार, सतरंजीला काटे आलेत का?"

"नाही आत्याबाई."

"मग बुडाला भिंगरी बांधलीय?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हौसानं मान खाली घातली. भिवराबाईला अजून चेव आला. "हंडा उचलायचा तर हिची कंबर धरते, दळायला बसवावं तर हिचं पोट. आता देवाचं ऐकायचं तर हिला बसवत नाही. ढोंग नाही तर काय!"

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दुपारी भिवराबाईनं मुलाला, रंगनाथाला, ओसरीवर बोलावलं आणि हौसाला दाराआड उभं करून निकाल दिला.

"समाप्तीचा अध्याय हिनं बसून ऐकला तर ही या घरची. नाही ऐकला तर आरती झाली की गाडी जुंपायची आणि हिला माहेरी घालून यायची. माझ्या देवाचं पारायण मोडणारी मला नको."

रंगनाथानं आईला कधी नाही म्हटलं नव्हतं.  आणि हौसाचं माहेर तरी कसलं? आईबाप गेलेले, भावजय उंबऱ्यात आडवी. तिथं गेलेली बाई परत यायची नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी हौसा देवळामागं निघाली. भिवराबाईनं ते पाहिलं. 'आता बुवाकडून अंगारे आणून मलाच वळवते का काय,' म्हणून ती मागोमाग गेली आणि देवळाच्या भिंतीआड कान देऊन उभी राहिली.

हौसा महाराजांपुढं वाकली आणि उभीच राहिली.

महाराज म्हणाले, "बसवत नाही?"

"नाही महाराज."

"कुठं दुखतं, माय?"

हौसा पदराचं टोक पिळत राहिली. शेवटी म्हणाली, "सांगायची जागा नाही, महाराज."

महाराज शांतपणे म्हणाले, "जागा देवानं दिली. देताना तो लाजला नाही. तू सांगायला का लाजतेस? न सांगितलेल्या दुखण्याला औषध कुठून लागावं?"

मग मात्र बांध फुटला. "ओटीपोटात खाली, आतल्या अंगानं, कोणी मूठ आवळून धरल्यागत होतंय. दोन वर्षं झाली. बसलं की निखाऱ्यावर बसल्यागत. लघवीला गेलं की आग, आणि दिवसा बाहेर जायची सोय नाही, म्हणून धरून ठेवायचं. जांघा दगड झाल्यात. मालकांना सांगितलं नाही, कोणालाच नाही. आत्याबाईंना सांगा, मला माहेरी नका पाठवू म्हणावं. मी देवाला उभ्यानं ऐकते, पण ऐकते!"

भिंतीआड भिवराबाईचा हात आपसूक ओटीपोटावर गेला. ती मूठ, तो निखारा, ती आग! सून बोलत होती आणि शब्द भिवराबाईच्या अंगातले होते. तीस वर्षं तिनं हेच दुखणं दात आवळून काढलं होतं. भल्या पहाटे अंधारात बाहेर जाऊन यायचं ते परत दिवस मावळल्यावर. मोठ्या घरची बाई दिवसा बाहेर दिसत नाही, हा तिचा तोरा. आणि हिनं मात्र दोन वर्षांतच परक्या पुरुषापुढं सगळं ओकून टाकलं? तिला दया यायला हवी होती. आला तो संताप. ती तरातरा पुढं झाली.

"लाज नाही वाटत? बाईच्या जातीला हे असायचंच! आम्ही नाही काढलं? आम्ही काय गाऱ्हाणी गात हिंडलो?"

बोलली आणि जीभ चावली.

महाराजांनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विजय नव्हता. ते एवढंच म्हणाले, "हिला ऊन पाण्यात बसव, माय. कंबरेइतक्या पाण्यात."

भिवराबाईला सुटायला वाट मिळाली. "इथं कुठलं ऊन पाणी? तुमच्याकडं चूल नाही की सरपण नाही. का मंतरणार आहात?"

"तुझा विश्वास नाही ना? मग तूच भर. तुझ्या हातानं, विहिरीचं."

अशी संधी ती सोडती काय! घरून तांब्याचं मोठं घंगाळ आणवलं. कोणाला हात लावू दिला नाही. मार्गशीर्षातली थंडी, पाणी हात कापून काढत होतं. घागरीमागून घागर शेंदून तिनं स्वतः घंगाळ भरलं, घंगाळाखाली हात घालून पाहिला, निखारा नाही याची खात्री केली. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "घ्या, भरलं."

महाराजांनी अंगावरचं कांबळं काढून घंगाळावर पांघरलं आणि डोळे मिटले. उघड्या अंगानं त्या गारठ्यात ते नाव घेत बसले. एक अध्याय वाचून होईल एवढा वेळ गेला. कांबळ्याच्या कडेनं वाफ निघू लागली!

"हात घालून बघ," महाराज म्हणाले.

भिवराबाईनं कोपरापर्यंत हात घातला. चटका नाही, कोमटही नाही. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं असतं, नेमकं तसं ऊन पाणी. तिनं दुसराही हात घालून पाहिला.

उंबराच्या फांदीपासून भिंतीपर्यंत दोन लुगडी बांधून आडोसा झाला. महाराज दूर नदीच्या पायरीवर पाठ करून बसले आणि तिथूनच म्हणाले, "पाण्यात बस, माय. श्वास पोटापर्यंत जाऊ दे. निजलेल्या लेकराचं पोट कसं वर येतं, खाली जातं, तसं. काही धरून ठेवू नकोस. लघवी नाही, रडूसुद्धा नाही."

हौसा बसली. आधी कण्हली, मग हुंदका आला, मग मोकळी रडली. रडता रडता तिचे खांदे खाली आले, आवळलेला जबडा सैल झाला. पुष्कळ वेळानं ती म्हणाली, "आत्याबाई, मी बसलीय हो. बसलीय मी!"

ती उठली तरी पाणी तसंच ऊन होतं.

"आता तू," पायरीवरून आवाज आला.

"मी? मला काय झालंय?"

महाराज वळले नाहीत. "पहिलं लेकरू मेलेलं जन्मलं, म्हणून तुझं बाळंतपण कोणी केलं नाही. शेक नाही, न्हाणी नाही. तिसऱ्या दिवशी दळायला बसवलं. त्या दिवशी जी मूठ आवळलीस ती अजून सोडली नाहीस, माय. हे पाणी तीस वर्षांपूर्वी तुला मिळायला हवं होतं."

ही गोष्ट जाणणारं एकही माणूस आता जिवंत नव्हतं. सासू गेली, तेव्हाची सुईण गेली, नवरा गेला. स्वतःच्या मुलालाही तिनं सांगितली नव्हती. भिवराबाई आडोशामागं गेली. हौसानंच तिचा हात धरून तिला पाण्यात बसवलं आणि तिच्या पाठीवर तांब्यानं पाणी घालत राहिली.

निघताना महाराजांनी दोघींना बजावलं, "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं. पाणी मी एकदाच तापवलं, पुढं रोज तुमची चूल तापवेल. वेशीजवळच्या सुईणीकडं जा, तिच्या हातात विद्या आहे. तिला जागा सांगायला लाजू नका. आणि सुनांना दिवसा बाहेर जाता येईल असा आडोसा परसात घाला."

तीन दिवस तसंच केलं. परसात तट्ट्याचा आडोसा उभा राहिला, न्हाणीत रोज पाणी तापू लागलं.

समाप्तीचा दिवस उजाडला. देऊळ भरलं, बाहेर रंगनाथानं गाडी आणून उभी केली होती. महाराज गाभाऱ्याच्या दारापाशी बसले होते. हौसा सतरंजीवर बसली. अर्धा अध्याय बसली, पाऊण बसली. मग चेहरा कसनुसा झाला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "उठतेय बघ आता, पारायण मोडतेय."

भिवराबाई उठली. भर अध्यायात, सगळ्यांदेखत, स्वतःच्या घराण्याचं पारायण मोडून उभी राहिली. पुराणिकबुवांचं वाचन थांबलं.

"बुवा, वाचा तुम्ही," ती म्हणाली. "देवाला उभ्यानंही ऐकू जातं. हिला दुखतंय, ते ढोंग नाही. मला ठाऊक आहे, कारण मलाही तिथंच दुखतं. ओटीपोटात. तीस वर्षं झाली. ढोंग माझं होतं, काही दुखत नाही म्हणायचं. रंगा, गाडी सोड. ही या घरची आहे. आणि कोणाला हसायचंय त्यांनी हसून घ्या!"

कोणी हसलं नाही. खांबाजवळची एक म्हातारी हळूच उठून उभी राहिली, तिच्यामागं आणखी एक. हौसा सासूशेजारी उभी राहिली. महाराजांनी बुवांना खूण केली आणि अध्याय पुढं सुरू झाला.

आरती झाल्यावर भिवराबाई महाराजांपुढं आली. जन्मात तिनं कोणा बैराग्यापुढं मान वाकवली नव्हती. तिनं गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. वाकताना ओटीपोटातून कळ निघाली. एरवी तिनं ती गिळली असती. त्या दिवशी, भरल्या देवळात, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून ती मोठ्यानं म्हणाली, "आई गं!"