उष्ट्या भाकरीची भवानी

एसटीने गावोगावचे बाजार पालथे घालणाऱ्या कुमुदताईंनी सकाळीच एका आठवडे बाजारात, मिरचीवालीशेजारी फडकं पसरून भाकरी खायला घेतली. तोच मिशीला पीळ देत बाजाराचे ठेकेदार हैबतराव हजर.

"फडकं पसरलं की दुकान झालं. बाजारपट्टी काढा!"

"अहो, मी जेवतेय!"

"इथं बसेल तो दुकानदार!"

"बरं, दुकानदार तर दुकानदार," ताई घास गिळत म्हणाल्या. "पण भवानी झाल्याशिवाय दुकानातून पैसा कुणी बाहेर काढतं का? पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच. ही उरलेली भाकरी विकत घ्या, मग पट्टी देते."

ती उष्टी भाकरी बघून हैबतराव मिशीचा पीळ सोडून दोन पावलं मागे सरले.

तेवढ्यात निम्मी पाटी विकून बसलेली मिरचीवाली ओरडली, "दादा, माझीबी भवानी व्हायचीय बरं का!"