आबांच्या पायाचं माप

"उस्ताद, आता अजून काय राहिलं?"

निरंजन धायगुडे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. हमीद उस्ताद गाडीखाली होते. बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"आबांना आणलंस?" गाडीखालून आवाज आला.

"गाडी पूर्ण झाली की आणतो."

खाली पाना फिरत राहिला...

लोणंदच्या रस्त्याला उस्तादांचं गॅरेज, आणि त्याला लागून माझं वेल्डिंगचं दुकान. उस्तादांची चाळीस वर्षं जीपगाड्यांत गेलेली. निरंजन पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा. चैत्रात त्यानं एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी फोर बाय फोर जीप घेतली आणि उस्तादांना गुरू करून टाकलं. उस्तादांना कुणी विचारलं नव्हतं.

गाडी घेतली ती आबांसाठी, म्हणजे त्याच्या वडिलांसाठी. आबांचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. त्यांचा बिरोबा वरच्या माळावर, आणि तिथं जायला चार किलोमीटर दगडधोंड्यांची वाट. खुबा मोडल्यापासून नऊ वर्षं आबा वर गेले नव्हते. रोज सकाळी अंगणातून माळाकडं तोंड करून हात जोडायचे. हे सगळं निरंजननं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोरगा मनाचा चांगला, यात शंका नाही.

पण गाडी हातात आली आणि त्याच्या अंगातच आलं.

पुण्याच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून त्यानं चाकांवर गाडी तोलणारे पोलादी पाटे बदलून उंच बसवून आणले, जुने मागं टाकून. मग कमरेला लागतील एवढे टायर. मग पुढं, अडकलेली गाडी ओढायचं तारेचं यंत्र. मग पाण्यात इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून छतापर्यंत नळी. दाराखालच्या पायऱ्या खडकाला लागतात म्हणून काढल्या. छतावरच्या आठ दिव्यांची दांडी मीच वेल्डिंग करून दिली होती, त्यामुळं मला बोलायला तोंड नव्हतं.

काढलेलं सगळं उस्ताद ठेवून घेत. पाटे ग्रीस लावून गोणपाटात, टायर शेडमध्ये, पायऱ्या भिंतीला टेकवून.

"भंगारात द्या की," निरंजन म्हणायचा.

"जागा लई हाय," उस्ताद म्हणायचे. जागा मुळीच नव्हती.

दर शनिवारी काहीतरी नवीन बसायचं, आणि दर शनिवारी उस्ताद आबांचं विचारायचे. निरंजनला वाटायचं, म्हातारा आपला ख्यालीखुशाली विचारतोय.

त्या दसऱ्याआधीच्या शनिवारी उस्ताद गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, आणि आता काही राहिलं नाही, आबांना बोलाव, असं म्हणाले.

निरंजनच्या बहिणीनं आबांना रिक्षातून आणून सोडलं. पांढरं धोतर, लाल पागोटं, हातात काठी, कमरेच्या पिशवीत हळदीचा भंडारा. नऊ वर्षांनी देवाला निघालेला माणूस. मला बघूनच बरं वाटलं.

आबा गाडीच्या दाराशी गेले. दाराची कड धरून त्यांनी उजवा पाय उचलला. पाय अर्ध्यावर गेला आणि खाली आला...

परत उचलला. परत खाली आला.

निरंजननं त्यांच्या काखेत हात घातला. आबांनी तो हळूच बाजूला केला. देवाला जाताना ते पोत्यासारखे चढणार नव्हते.

"लई झ्याक गाडी हाय," ते म्हणाले. "तू जाऊन ये. माझं आपलं खालनंच हात जोडल्यालं बरं."

निरंजनच्या तोंडाकडं मला बघवेना.

उस्तादांनी खिशातून सुतळी काढली. टेप त्यांनी कधी वापरली नाही. कुठलंही माप सुतळीला गाठ मारून घ्यायचे. ते आबांपुढं गुडघ्यावर बसले.

"उचला पाय, आबा. जमंल तेवढाच."

"पायाला हात नका लावू, उस्ताद." आबा अवघडले.

"मापाला लावावा लागतो."

आबांनी पाय उचलला. उस्तादांनी जमिनीपासून तळव्यापर्यंत सुतळी ताणली, गाठ मारली आणि ती निरंजनच्या हातात दिली.

निरंजननं ती दाराशी उभी धरली. गाठ कितीतरी खाली राहिली. मग शेडमध्ये जाऊन तो गोणपाट सोडायला लागला.

दिवसभर तो काढत होता, घालत होता. जड कामाला मी हात दिला. उस्ताद आणि आबा बाजेवर बसून मेंढरं आणि इंजिनं यांच्या आजारांवर बोलत होते. दुपारी निरंजननं एकदाच मान वर केली.

"उस्ताद, गाडी एवढी खाली आली तर वाटेतले दगड लागतील."

"लागतील तितं उतर. दगूड बाजूला कर."

"कुठं लागतील हे मला कसं कळणार?"

उस्तादांनी आबांकडं बोट केलं. आबा ओशाळून हसले. त्या वाटेवर त्यांचे पाय साठ वर्षं फिरले होते.

संध्याकाळी जुनी पायरी जागेवर बसली. निरंजननं सुतळी लावून पाहिली. पायरी गाठीच्या दोन बोटं खाली भरली.

रविवारी सकाळी आबांनी काठी लेकाकडं दिली आणि ते आपल्या पायानं चढून बसले. मी मागं बसलो, कारण मला कुणी नको म्हणालं नाही.

आबा खिडकीतून काठी काढून वाट दाखवत होते. हा काळा दगड डावीकडनं सोड, इथं जरा दम घे, पुढं मुरूम आहे. निरंजन मेंढराच्या चालीनं गाडी नेत होता. अकरा वेळा उतरून त्यानं दगड सरकवले. तारेचं यंत्र जागचं हललं नाही. ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं, इंजिनाची नळी कोरडी ती कोरडीच. तिसऱ्या चढाला मागचं चाक घसरलं, धरलं, आणि गाडी वर आली, तसा निरंजन मोठ्यानं हसला. सहा महिन्यांत गाडीत बसून त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वर आबा बिरोबापुढं रडले. लपवलं नाही. देवावर भंडारा उधळला आणि उरलेला येऊन गाडीच्या बॉनेटवर उधळला.

दिवस मावळायच्या आत आम्ही गॅरेजला परत आलो. निरंजनची बोटं सोलवटली होती. आबा पुढच्या सीटवर तसेच बसून होते, उतरायचं नाव काढत नव्हते.

काल अडकवलेली गाठीची सुतळी अजून आतल्या आरशाला लटकत होती. निरंजननं तिला हात घातला.

"उस्ताद, आता ही काढतो. माप झालं ना?"

उस्तादांनी आत बसलेल्या आबांकडं पाहिलं... मग पुढं होऊन सुतळी आरशाला नीट बांधली.

"राहू दे. पुढल्या साली परत घ्यायचं हाय."